विषारी अळंबी ओळखण्याच्या ‘आजीच्या सहा खुणा’: एक प्रतिवाद

पावसाळा लागला की दरवर्षी एक संदेश व्हॉट्सअॅपवर फिरू लागतो. या वर्षी तो मला एकाच आठवड्यात गावच्या गटावर, नातेवाइकांच्या गटावर आणि अमेरिकेत राहणाऱ्या चुलत बहिणीकडून असा तिन्ही वाटांनी आला. ‘रानातली अळंबी ओळखण्याच्या आजीच्या सहा खुणा’ असे त्याचे शीर्षक आहे. त्यातल्या खुणा अशा: पांढरी अळंबी खाण्याची आणि रंगीत विषारी, बाजारातले मशरूम पांढरे असते हाच त्याचा पुरावा, शिजवताना चांदीचे नाणे किंवा लसणाची पाकळी काळी पडली तर अळंबी टाकावी, नाही पडली तर निर्धास्त खावी, किड्यांनी आणि गोगलगायींनी कुरतडलेली अळंबी माणसालाही चालते, वारुळावर आणि लाकडावर उगवणारी सगळी अळंबी खाण्याजोगी असते, शंका असल्यास मीठ, हळद आणि कोकम घालून उकळावी व पाणी फेकून द्यावे, म्हणजे विष उतरते, आणि खाल्ल्यावर दोन तासांत काही झाले नाही तर काळजीचे कारण नाही.

हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नाही, हे मी जाणतो. तरीही या सहांपैकी एकही खूण जीव राखण्याच्या कामाची नाही, आणि शेवटची तर आजारी माणसाला दवाखान्यापासून दूर ठेवणारी आहे. मी सिंधुदुर्गातल्या अशा घरात वाढलो जिथे श्रावणाआधीची अळंबी ही वर्षाची वाट पाहण्याची गोष्ट होती, आणि गेली काही वर्षे मी धिंगरी (ऑयस्टर) अळंबीचे लहानसे उत्पादनही करतो. म्हणून प्रत्येक दाव्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. विशेषतः त्यातल्या ‘आजीच्या’ या शब्दाला, कारण माझ्या आजीने यांपैकी एकही खूण कधी वापरली नाही.

मुळात ‘विषारी अळंबी’ नावाचे एखादे वेगळे कूळ नाही, आणि संदेशातली सर्वांत मोठी चूक इथेच आहे. अळंबीतील विषे अनेक आहेत, त्यांची रासायनिक घडण परस्परांशी जुळत नाही, आणि ती एकमेकींशी दूरचेच नाते असलेल्या अळंब्यांमध्ये आढळतात. यकृत निकामी करणारे अमाटॉक्सिन अमानिटा प्रजातीच्या काही जातींत असते, तसेच लेपिओटा आणि गॅलेरिना या प्रजातींच्या काही जातींतही असते. उलट एकट्या अमानिटा प्रजातीत माणसाचा जीव घेणाऱ्या जाती आहेत आणि इटलीत फार जुन्या काळापासून आवडीने खाल्ली जाणारी अमानिटा सीझेरियाही आहे. शाईसारखी वितळणारी एक अळंबी तर एरवी पचते, पण तिच्यासोबत मद्य घेतले तर तिच्यातील कोप्रिन या द्रव्यामुळे माणूस आजारी पडतो. इतक्या वेगवेगळ्या विषांना बाहेरून दिसणारी एकच खूण असावी, असे काही कारणच नाही. अळंबी ओळखायची ती जातीने, जशी आपण माणसे चेहऱ्याने ओळखतो. ‘चांगला माणूस’ आणि ‘वाईट माणूस’ असे चेहऱ्याचे दोन साचे नसतात.

मग या खुणा पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या कशा, असा प्रश्न मला गावच्या गटावर एका शिक्षकांनी विचारला, आणि तो प्रश्न रास्त आहे. समजा, एका रानात शंभर प्रकारच्या अळंब्या उगवतात आणि त्यांतल्या दोनच जीवघेण्या आहेत. आता कोणतीही अळंबी पुढे आली तरी ‘सुरक्षित’ असाच कौल देणारी एक निरर्थक कसोटी घ्या. ती शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव प्रकारांच्या बाबतीत खरी ठरेल, आणि ती वापरणाऱ्या घराला तीस वर्षे तिचा फक्त चांगलाच अनुभव येईल. चांदीचे नाणे नेमके हेच करते. जवळजवळ प्रत्येक अळंबीसोबत ते पांढरे राहते, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. आणि ज्या घरात ती कसोटी फसली, त्या घरातला माणूस आपला अनुभव सांगायला मागे उरत नाही.

आता एकेक दावा घेऊ. रंगाचा दावा सर्वांत जास्त लोकांना पटतो आणि तोच सर्वांत सहज खोडता येतो. युरोपातील अमानिटा व्हायरोसा ही अळंबी छत्रीपासून देठापर्यंत शुभ्र असते, आणि माणसाला ठार मारणाऱ्या अळंब्यांत तिची गणना होते. उत्तर अमेरिकेत तिची जवळची नातलगही तशीच पांढरी आहे. आपल्याकडे आणि जगभरच्या उष्ण प्रदेशांत पाऊस पडल्यावर हिरवळीवर, मैदानांत आणि बागांत गोलाकार रांगांनी उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही मोठी, देखणी अळंबीही पांढरीच असते. छत्रीच्या मध्यावर फक्त तपकिरी खवले असतात. ती खाल्ल्यास एक ते तीन तासांत जबर उलट्या आणि जुलाब सुरू होतात. याउलट गुलाबी धिंगरी, जी मी स्वतः पिशव्यांत घेतो, ती फुलासारखी गडद गुलाबी असते, शिजल्यावर तिचा रंग उतरतो आणि ती निर्धोकपणे खाल्ली जाते.

बाजारातले मशरूम पांढरे असते हा पुरावा तर उलट्या बाजूने लागू पडतो. बटन मशरूम म्हणजे अगॅरिकस बायस्पोरस, आणि तिचा मूळचा रंग तपकिरी. १९२० च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात लागवडीत एक पांढरा वाण आढळला, तो लोकांना आवडला आणि पुढे जगभर पसरला. शहरांतल्या दुकानांत जे तपकिरी मशरूम आणि तळहाताएवढे पोर्टोबेलो जास्त दराने मिळते, ते याच जातीचे आहे. पोर्टोबेलो म्हणजे पूर्ण उमलू दिलेले तपकिरी बटन. छत्रीखालच्या पात्या कोवळेपणी गुलाबी आणि नंतर चॉकलेटी होतात त्या बीजाणू, म्हणजे अळंबीचे बियांसारखे सूक्ष्म कण, पक्व होत असल्यामुळे. विषाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि दुधी अळंबी, जी कॅलोसायबी इंडिका या नावाने १९७४ मध्ये पश्चिम बंगालमधून शास्त्रीयदृष्ट्या नोंदली गेली आणि पुढे कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठाने जिची लागवड सर्वदूर नेली, ती पांढरी आहे हा योगायोग आहे.

लागवडीची अळंबी सुरक्षित असते याचे खरे कारण रंगाशी नव्हे, बियाण्याशी जोडलेले आहे. आम्ही ज्याला स्पॉन म्हणतो ते धान्याच्या दाण्यांवर वाढवलेले बियाणे प्रयोगशाळेतल्या एका ज्ञात, शुद्ध वाणापासून केलेले असते. सोलनच्या अळंबी संशोधन संचालनालयासारख्या संस्थांचे एक महत्त्वाचे काम अशा वाणांची ओळख पक्की ठेवण्याचे आहे. भाताचा पेंढा गरम पाण्यात किंवा वाफेत निर्जंतुक करायचा, त्यात ते बियाणे भरायचे, आणि मग जे उगवते त्याचे नाव आपल्याला उगवण्याआधीच ठाऊक असते. तरीसुद्धा पेंढा नीट तापवला गेला नाही की माझ्याच पिशव्यांतून कधी कधी बारीक, राखाडी, दुसऱ्या दिवशी काळी शाई होऊन गळणाऱ्या छत्र्या डोकावतात. त्या मी बोलावलेल्या नसतात, म्हणून उपटून टाकतो. माझ्या शेडमध्ये उगवली एवढ्यावरून ती खाण्याची ठरत नाही. मग रानात केवळ पांढरी दिसली म्हणून कशी ठरेल?

नाणे आणि लसूण यांच्याकडे वळू. चांदी काळी पडते ती गंधकाच्या काही संयुगांमुळे. अंड्याच्या बलकात राहिलेला चांदीचा चमचा काळवंडतो, पण त्यामुळे अंडे विषारी ठरत नाही. अमाटॉक्सिन चांदीवर कोणताही डाग पाडत नाही. म्हणजे ज्या विषापासून वाचण्यासाठी ही कसोटी घ्यायची, त्याच विषाबाबत ती मूक आहे. लसणात मात्र स्वतःचीच गंधकयुक्त संयुगे भरपूर असतात, त्यामुळे नाणे आणि लसूण दोन्ही एकाच भांड्यात टाकले तर निर्दोष अळंबीच्या रश्श्यातही नाणे काळवंडू शकते. लसणाच्या रंगबदलाचेही तसेच आहे. आंबट पदार्थाच्या सान्निध्यात लसणाची पाकळी निळसर-हिरवी होते, हे लोणचे घालणाऱ्या प्रत्येक घराने पाहिलेले असेल. तो लसणातल्याच द्रव्यांचा परस्परांवरील परिणाम असतो. ज्या स्वयंपाकघरात कोकम किंवा लिंबाचा वापर होतो, तिथे ही पाकळी अळंबीविषयी काहीच सांगत नाही. काही ठिकाणी लसणाऐवजी तांदूळ टाकतात, त्यालाही हेच उत्तर आहे. कापल्यावर अळंबीचा गर तपकिरी होणे हीसुद्धा विषाची खूण मानली जाते. प्रत्यक्षात कापलेले सफरचंद किंवा वांगे ज्या प्रकारच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) काळे पडते, त्याच प्रकारच्या विकरामुळे बाजारातले बटनही काळे पडते.

किडे आणि गोगलगायींचा दावा थोडक्यात निकालात निघतो. अमाटॉक्सिनने भरलेल्या अळंब्या गोगलगायी खातात आणि पुढे चालू लागतात. अळंबीवर जगणाऱ्या काही फळमाश्यांच्या अळ्या अशाच अळंब्यांत वाढतात, कारण त्यांना ते विष बाधत नाही. दुसरीकडे, घरातला कुत्रा मात्र त्याच अळंबीने मरतो. कोणत्या प्राण्याच्या शरीरात कोणते विष कसे वागते हे त्या प्राण्यापुरतेच खरे असते. जी अळंबी किडक्या अवस्थेत हाती येते, ती ज्ञात आणि खाण्याची असली तरी तिच्यातले सडके भाग पोट बिघडवतात, म्हणून आमच्याकडे तर किड लागलेली अळंबी टाकलीच जात असे.

वारुळाचा दावा मात्र मला हळवा करतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि ते सत्य आमच्या घरचे आहे. कोकणात आणि गोव्यात ज्या अळंबीची पावसाळाभर वाट पाहिली जाते, ती टर्मिटोमायसिस या प्रजातीची. गोव्यात वारुळाला रोंयण म्हणतात आणि तिला रोंयणीची अळमी. विदर्भात याच नात्यातल्या अळंब्यांना सात्या म्हणतात. ही बुरशी वाळवीच्या वारुळाबाहेर टिकत नाही. वाळवी पालापाचोळा चावून आपल्या वारुळात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे रचते, त्यांवर ही बुरशी वाढवते, तिच्यामुळे पचण्याजोगे झालेले अन्न खाते. आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरले की ही बुरशी लांब, मुळासारखा देठ वर फेकून जमिनीबाहेर छत्री उघडते. फ्रेंच बुरशीतज्ज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे नाव दिले, आणि दक्षिण भारतातून नोंदलेल्या एका जातीला पुढे त्यांचेच नाव मिळाले. आजवर तिची व्यापारी लागवड कोणाला साधलेली नाही, कारण तिच्यासोबत वाळवीचे वारूळही लागवडीत आणावे लागेल.

माझी आजी या अळंबीची परीक्षा घेत नसे. ती तिला ओळखत असे. कोणत्या वारुळावर कोणत्या पंधरवड्यात ती येते, हे तिला ठाऊक होते, आणि ते वारूळ तिच्या सासूनेही तिला दाखवलेले होते. ती छत्री ओढून तोडत नसे, तर काठीने माती सैल करून देठ खोलवर मोकळा करत असे, आणि तो खाली निमुळता होत वारुळाच्या दिशेने जातो की नाही, हे पाहत असे. छत्रीच्या मध्यावरचा टोकदार उंचवटा, कोवळेपणी घट्ट मिटलेला आकार, पात्यांचा पांढरा रंग जो मोठी छत्री उघडल्यावर किंचित गुलाबी होतो, आणि तळाशी पिशवी किंवा वाटी नसणे, हे सारे ती एका दृष्टिक्षेपात टिपत असे, जरी तिने त्याची यादी कधी केली नाही. एका वर्षी घरामागच्या रस्त्याचे रुंदीकरण झाले, जुने वारूळ गेले, आणि त्याच जागी टाकलेल्या भरावावर पुढच्या पावसात मोठ्या पांढऱ्या छत्र्या आल्या. आम्ही मुले टोपली घेऊन धावलो. तिने एक छत्री उलटी करून पाहिली, पात्यांवर हिरवट झाक होती, आणि ती एवढेच म्हणाली, ‘ही आमची नव्हे.’ विषारी आहे की नाही, याबद्दल तिने काहीच म्हटले नाही. आपल्या ओळखीची नाही एवढे कारण तिला ती सोडून देण्यास पुरेसे होते.

म्हणूनच ‘वारुळावर उगवते ते सगळे खाण्याचे’ हे वाक्य त्या ज्ञानाला तोडून केलेले आहे. वारुळाच्या मातीवर इतर कोणतीही बुरशी उगवू शकते. वाळवी निघून गेलेल्या वारुळातून झायलेरिया प्रजातीच्या काळ्या, बोटांसारख्या कोंबांची गर्दी वर येते. त्यांना छत्रीही नसते. उलट टर्मिटोमायसिसमधलीच एक बारीक जात, नखाएवढ्या छत्र्यांची, वारुळातून वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या कप्प्यांच्या चुऱ्यावर शेकड्यांनी उगवते आणि तिला तो लांब मुळासारखा देठ नसतो. म्हणजे एकाच प्रजातीतही एकच खूण पुरत नाही. हिरवट पातीची जी क्लोरोफायलम आजीने नाकारली, ती कोवळी असताना तिच्या पात्या पांढऱ्याच असतात, आणि तेव्हा ती वारुळाजवळच्या गवतात आपली अळंबी म्हणून सहज खपून जाते.

या ठिकाणी एक कृती सांगतो, जी कसोटी नाही पण ओळखीला मोठा आधार देते. उमललेली छत्री देठापासून वेगळी करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पात्या खाली करून ठेवावी, वर एक वाटी पालथी घालावी आणि रात्रभर सोडावी. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटतो. क्लोरोफायलमचा ठसा हिरवट असतो, टर्मिटोमायसिसचा फिकट गुलाबी, अमानिटाचा पांढरा, बटनाचा गडद चॉकलेटी. भाताच्या पेंढ्यावर घेतली जाणारी व्होल्व्हेरिएला ही अळंबी आणि अमानिटा, दोन्ही कोवळ्या असताना अंड्यासारख्या पिशवीत मिटलेल्या असतात आणि सहज गोंधळवतात; उमलल्यावर पहिलीचा ठसा गुलाबी आणि दुसरीचा पांढरा हा फरक स्पष्ट दिसतो. परंतु हा ठसा ‘खा’ किंवा ‘खाऊ नका’ असे सांगत नाही. तो फक्त कोणत्या दिशेने ओळख करायची ते सांगतो, आणि काही दिशा बंद करतो. गटावर कोणीतरी यावर उपाय म्हणून मोबाइलमधील ओळख सांगणारे अॅप सुचवले. वरून काढलेल्या छायाचित्रात तळाची पिशवी, बीजाणूंचा रंग, देठाची खोली आणि वास यांतले काहीच येत नाही, म्हणून जेवणाचा निर्णय त्यावर सोपवता येत नाही.

लाकडावरील अळंबीच्या दाव्यात धिंगरीची पुण्याई वापरलेली दिसते, कारण तीही निसर्गात ओंडक्यांवरच उगवते. पण थंड प्रदेशांत कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या गॅलेरिना मार्जिनाटा या तपकिरी, सामान्य दिसणाऱ्या अळंबीत तेच यकृतनाशक अमाटॉक्सिन आहे. जपानमध्ये सूचिपर्णी झाडांच्या ओंडक्यांवर येणारी, धिंगरीसारखी दिसणारी पांढरी प्ल्युरोसायबेला वर्षानुवर्षे खाल्ली जात होती. २००४ मध्ये तिच्यामुळे तेथे १७ माणसे मरण पावली, आणि बाधितांमध्ये मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांची संख्या मोठी होती. खाण्याची म्हणून मान्य असलेल्या, ओळखीच्या आणि लाकडावरच्या अळंबीची ही गोष्ट आहे, एवढे लक्षात ठेवावे.

उकळून विष उतरवण्याचा सल्ला कुठून आला असावा, हे थोडे समजते. युरोपात मेंदूसारख्या सुरकुत्या असलेली जायरोमिट्रा नावाची अळंबी आहे, जिचे विष उष्णतेने बऱ्याच अंशी उडून जाते. फिनलंडमध्ये ती ताजी विकताना भरपूर पाण्यात पुन्हा पुन्हा उकळण्याची सूचना दिली जाते, आणि ती वाफ हुंगणेही घातक असते. एका अळंबीचा हा नियम सगळ्यांना लावणे चुकीचे आहे. अमाटॉक्सिन हा आठ अमिनो आम्लांचा बंद कड्यासारखा रेणू आहे. तो उकळण्याने, तळण्याने, वाळवण्याने किंवा गोठवण्याने मोडत नाही, जठरातल्या आम्लानेही मोडत नाही. मीठ, हळद आणि कोकम हे उत्तम स्वयंपाकाचे घटक आहेत, पण त्या रेणूवर त्यांचा काहीच प्रभाव नाही. प्रौढ माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम इतके अमाटॉक्सिन प्राणघातक मानले जाते. साठ किलोच्या माणसासाठी ते सहा मिलिग्रॅम झाले, आणि एवढे एका मध्यम आकाराच्या अळंबीत असू शकते. शिवाय तिची चव वाईट नसते. वाचलेल्या रुग्णांनी ती रुचकर लागल्याचे सांगितलेले आहे, त्यामुळे ‘कडू लागली तर थुंकून टाकू’ हा मार्गही बंद आहे.

आता सहावा दावा, ज्याच्यासाठी हे सगळे लिहावेसे वाटले. दोन तासांत काही झाले नाही म्हणजे सुरक्षित, हे नेमके उलट आहे. पोट बिघडवणाऱ्या पुष्कळ अळंब्या लवकर, म्हणजे तास-दोन तासांत त्रास देतात आणि त्यांचा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. अमाटॉक्सिन मात्र सहसा सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ शांत राहते. रात्रीचे जेवण झाले, सगळे झोपले, आणि पहाटे पटकीसारखे जुलाब व उलट्या सुरू झाल्या, असा त्याचा क्रम असतो. दिवसभराच्या त्रासानंतर रुग्णाला बरे वाटू लागते, तो उठून बसतो, घरचे निर्धास्त होतात. त्याच काळात ते विष यकृताच्या पेशींतील एका अत्यावश्यक विकराला अडवून धरत असते, त्यामुळे पेशींना नवी प्रथिने घडवता येत नाहीत. पित्तासोबत ते आतड्यात येते आणि तिथून पुन्हा यकृतात शोषले जाते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास कावीळ, रक्तस्राव, बेशुद्धी अशी चिन्हे दिसू लागतात. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या वरच्या भागात रानअळंबी खाल्ल्याने १३ जण दगावले, त्यांत एक लहान मूलही होते. त्यांच्यापैकी अनेक चहामळ्यांवर काम करणाऱ्या कुटुंबांतले होते. रानातून काही मिळवून ताटात घालणारी ही माणसे निष्काळजी नव्हती, आणि त्यांच्याकडेही घरगुती खुणा असणारच.

चुलत बहिणीने हा संदेश कॅलिफोर्नियातून पाठवला, म्हणून तिच्यासारख्या परदेशातल्या वाचकांसाठी एवढे जोडतो. अमानिटा फॅलॉइड्स ही अमाटॉक्सिन असलेली युरोपातली अळंबी झाडांच्या मुळांसोबत तिथे पोहोचली आहे आणि आता तिथल्या ओक वृक्षांखाली सर्रास उगवते. डिसेंबर २०१६ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात तिच्या विषबाधेचे १४ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतल्या तिघांवर यकृत प्रत्यारोपण करावे लागले. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरामध्येही ती ओक वृक्षांखाली येते, आणि तिथे २०१२ च्या सुरुवातीला दोघांचा जीव गेला. आशियात खाल्ल्या जाणाऱ्या पेंढ्यावरच्या अळंबीशी तिची गल्लत झाली होती. माणूस आपल्या मुलखातली ओळख घेऊन परक्या मुलखात जातो, आणि तिथली अळंबी त्या ओळखीतली नसते. आजीची नजर सावंतवाडीच्या रानाला लागू होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या बागेत ती स्वतः गेली असती तरी तिने काहीही तोडले नसते, अशी माझी खात्री आहे.

रानातली अळंबी खाल्ल्यानंतर कोणालाही उलटी, जुलाब किंवा पोटात कळ सुरू झाली, तर ताक, लिंबूपाणी किंवा तुपाचा उतारा देत बसू नये. रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि अळंबी किती वाजता खाल्ली, त्रास किती तासांनी सुरू झाला, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. या दोन वेळांवरूनच त्यांना पुढची दिशा मिळते. शिल्लक राहिलेली अळंबी, साफ करताना टाकलेले देठ, शिजलेला रस्सा, जे असेल ते सोबत न्यावे. कच्ची अळंबी प्लास्टिकमध्ये न भरता कागदात गुंडाळावी, म्हणजे ती लवकर सडत नाही. एकाच टोपलीत दोन-तीन प्रकार मिसळले गेलेले असू शकतात, म्हणून लवकर उलटी झाली यावरून धोका टळला असे धरू नये. त्या पंगतीत जेवलेल्या प्रत्येकाला, ज्यांना अजून काहीच वाटत नाही त्यांनाही, त्याच फेरीत तपासणीसाठी न्यावे. आणि एका दिवसानंतर बरे वाटू लागले तरी यकृताच्या चाचण्या ठीक आल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत रुग्णाला घरी आणू नये.